मधला डबा

माझ्या संशोधनाचा विषय आईला मी एकदाच समजावला, फरीदाबादच्या आमच्या स्वयंपाकघरात. जिथे इंटरनेटची तार पोचत नाही, अशा वस्तीत घराघरांच्या छतांवर छोटे वायरलेस डबे बसवायचे. प्रत्येक डब्यानं शेजारच्याचा निरोप घ्यायचा आणि पुढच्याला द्यायचा. एखादा बंद पडला, तर बाकीचे आपणहून दुसरी वाट शोधतात.

"अच्छा, म्हणजे माझंच काम की गं!" आई म्हणाली.

खोटं नव्हतं. यूपीएससीचा नाद सोडून मी पीएचडीला गेले, त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलत नव्हते. आणि मी तरी कुठली कमी! हॉस्टेलवरून घरी आले की एकाच टेबलावर बसून आम्ही आईमार्फत बोलायचो. "तिला विचार, भात हवा का." "त्यांना सांग, नको." आई वैतागायची. "खाण तशी माती. तुमचे निरोप सांगून थकले मी, यार." मी दिल्लीकडेच वाढलेली, माझं मराठी घरात कानावर पडलं तेवढंच. निरोप हा शब्द मला एवढ्याच अर्थानं ठाऊक होता.

आमच्या विषयातली एक अडचण अजून कुणाला नीट सुटलेली नाही. मधल्या डब्यावर सगळ्यांचा भार येतो, आणि बॅटरीवर चालत असेल तर तोच आधी संपतो. यावर मी अख्खं प्रकरण लिहिलंय. घरात डोळ्यांदेखत चाललेलं मात्र मला दिसलं नाही, याची आजही स्वतःची चीड येते.

आई हॉस्पिटलात होती तेव्हाही आम्ही वेळा वाटून घेतल्या, त्याही तिच्याचमार्फत. दुपारी मी, संध्याकाळी बाबा. एका दुपारी मी निघाले, तर तिनं माझा हात धरला.

"चल, तुझा निरोप घेते."

बाबा घरी एकटेच जेवतात, हे काही दिवस माझ्या मनाला लागून होतं. मी लगेच म्हटलं, "हो, बाबांना सांग, रविवारी मी घरी येते. पाटवड्या करू म्हणावं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

रविवारी भेटायला आलेली माणसं पांगली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मग भिंतीकडे बघत बाबांनी विचारलं, "तुला काही म्हणाली का ती शेवटी?"

मी जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. किती वर्षांनी, कोण जाणे.

"अगं वेडे, निरोप घेणं म्हणजे... येते म्हणून सांगणं. कायमचं."

मी खाली बसले. ती जायला निघाली होती, आणि मी तिच्या हाती आणखी एक काम दिलं होतं.

बाबा उठले, माझ्याजवळ येऊन खाली बसले.

"तुझा निरोप दिला तिनं," ते म्हणाले. "त्याच संध्याकाळी. बेसन आणून ठेवा म्हणाली. आणलंय मी."