दत्तूच्या रेकॉर्डची लय

भूत, करणी, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. निपाणीच्या शाळेत जन्मभर मुलींना विज्ञान शिकवलं. या सदरात लोक पिंपळाच्या आणि पैंजणांच्या गोष्टी लिहितात, त्या वाचून मी हसते. तरी आज लिहायला बसले, कारण माझ्यासमोर जे घडलं त्याचा राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. माझं सासर निपाणी, माहेर बेळगाव – खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत. माहेरी आप्पा, रिटायर्ड हेडमास्तर. पेटी उत्तम वाजवत, आणि कान इतका तिखट की शेजारी कुणी बेसूर गायलं तर खिडकीतून ओरडून सांगत. माझा धाकटा भाऊ दत्तू क्लॅरिओनेट वाजवायचा. आई गेली तेव्हा त्यानं तिच्या आठवणीत वाद्यवृंदासाठी एक रचना बांधली. माझ्या निपाणीच्या घरी बसून बांधली, म्हणून ती मला पाठ होती. राग पिलू, सूर पेटीची काळी एक पट्टी, आणि लय अशी संथ की मध्ये उसासा टाकायला जागा मिळावी. दोन अंतरे होते. दुसऱ्यात तो कोमल निषादावर मध्येच थांबायचा, मग हळूच खाली उतरायचा. आई बोलता बोलता तशीच थांबायची. आप्पांना मात्र मुंबईहून रेकॉर्ड करून आणल्यावरच ऐकवायचं, हा त्याचा हट्ट.

मुंबईत काय झालं ते त्यानंच नंतर सांगितलं. रेकॉर्डच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचंच संगीत मावायचं. कंपनीच्या माणसानं दुसरा अंतरा छाटला, लय जवळजवळ दुप्पट केली, आणि व्हायोलिनं चमकावीत म्हणून सूर काळी दोनला चढवला. रडकं संगीत कोण विकत घेणार, असं वर ऐकवलं. बाकीचे वादक ताटकळत उभे होते. दत्तूनं मान डोलावली.

रेकॉर्ड धडाक्यात चालली! हॉटेलांतून वाजू लागली, बँडवाल्यांनी उचलली. आप्पांनी ती पहिल्यांदा ऐकली ती एका वरातीत, घोड्यापुढं पोरं नाचत असताना. कुणीतरी कौतुकानं सांगितलं, मास्तर, ही तुमच्या दत्तूची हो, आईवर केलेली.

दत्तू त्या दिवशी घरी आला तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "आईच्या नावानं वरात काढलीस रं." त्यानंतर त्याच्याशी बोलले नाहीत. खुलासा ऐकून घेतला नाही, रेकॉर्ड घरात येऊ दिली नाही. दत्तू माझ्याकडं निपाणीला आला, पोटासाठी लग्नाच्या बँडमध्ये लागला, आणि तीच चाल तशीच भरधाव वाजवत हिंडला. वर्षभरात विषमज्वरानं गेला. मी निरोप धाडला होता. आप्पा आले नाहीत.

त्याचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी बेळगावला गेले ती भांडायलाच. रेकॉर्ड लुगड्यात गुंडाळून नेली. शेजारच्या वकिलांकडून चावीचा ग्रामोफोन मागून आणला. भर दुपार, दारं-खिडक्या उघड्या, बाहेर कल्हईवाल्याची आरोळी. आप्पा म्हणाले, नको. मी म्हटलं, "पोराचं तोंड बघायला आला न्हाईसा. निदान हे तरी ऐका."

चावी पूर्ण भरली, नवी सुई लावली. रेकॉर्ड सुरू झाली... तीच उडती चाल, तोच धांगडधिंगा. असल्या गोंगाटानं मी आप्पांना काय पटवणार होते! माझीच मला चीड आली. तेवढ्यात आप्पांच्या हाताकडं लक्ष गेलं. ते मांडीवर ठेका धरत होते – सावकाश, फार सावकाश. रेकॉर्ड एकीकडं पळत होती आणि त्यांचा हात भलतीकडंच. आयुष्यात मात्रेला न चुकलेला हा माणूस!

रेकॉर्ड संपली. सुई खरखरत राहिली. आप्पांचा हात चालूच होता. मग ते गुणगुणू लागले... दुसरा अंतरा. कोमल निषादावर थांबले, हळूच खाली उतरले. मी कोपऱ्यातली पेटी ओढून सूर लावून पाहिला. काळी एक.

डोळे पुसत आप्पा म्हणाले, "किती संथ वाजवलंय गं पोरानं. ती अशीच थांबायची." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला ऐकू आलं न्हाय?"

"न्हाय," मी म्हटलं.

त्यांनी माझी कीव केल्यासारखं पाहिलं. त्यांनी, माझी!

मी खूप डोकं चालवलं. स्प्रिंग ढिली पडली तर ग्रामोफोन मंदावतो, सूरही उतरतो, हे मला ठाऊक आहे. पण मग ते मलाही ऐकू आलं असतं. मुरलेला माणूस मनातल्या मनात लय कमी करून घेईल, सूरही उतरवेल, हेही कबूल. पण छाटलेला अंतरा? तो त्या रेकॉर्डवर नव्हताच. दत्तूनं तो माझं घर आणि मुंबईची ती कंपनी सोडून कुठं वाजवला नव्हता, आणि मी कुणाला सांगितला नव्हता. नंतर मी ती रेकॉर्ड कितीदा लावली, किती यंत्रांवर लावली. मला कधीच काही वेगळं ऐकू आलं नाही.

आप्पा पुढं बरीच वर्षं जगले, आणि सुखानं जगले. येणाऱ्या-जाणाऱ्याला लेकाचं कौतुक सांगत. लोक म्हणत, मास्तर निवळले. खरंच निवळले. माझ्या मनातून मात्र ते जात नाही. दत्तूला घरात घेतलं मी, तापात उशाशी बसले मी, त्याच्यासाठी बापाशी भांडले मी. आणि ज्यानं त्याला टाकलं, त्या बापालाच दत्तूनं अख्खी रचना ऐकवली. मला का नाही? त्या दुपारी मी आप्पांपासून हातभर अंतरावर बसले होते.