अठ्ठावीस पोरांचा एकच कल

तुमचा चहा निवायच्या आत संपेल एवढीच गोष्ट आहे, पण सांगताना अजून माझी मान खाली जाते. एका संध्याकाळी मी अठ्ठावीस पोरांचं करिअर ठरवून टाकलं होतं. मी, नववीतून शाळा सोडलेला माणूस!

निमोण्याच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं आणि फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, स्कॉलरशिप, पीकविमा, काहीही आणा. माझ्या फॉर्मात खाडाखोड नाही, रिकामी जागा नाही आणि खोटी माहिती तर नाहीच. माणसांशी बोलायला मला जमत नाही, कागदाशी जमतं.

आमच्याकडं करिअर मार्गदर्शन पूर्वी फार सोपं होतं. ज्याच्या मामाचा पोरगा रांजणगावला कंपनीत लागला, त्यानं आयटीआय करायचं. ज्याच्या मामाचा लागला नाही, त्यानंही आयटीआयच करायचं. मग शाळेच्या भिंतीवर ‘दहावीनंतर काय?’ असा तक्ता आला. त्याचा खालचा अर्धा भाग कपाटामागं गेला होता, त्यामुळं पोरांना वरच्या चारच वाटा माहीत. आणि यंदा दौंडहून मार्गदर्शनाच्या मॅडम आल्या, त्यांनी कल चाचणी आणली. साठ प्रश्न, प्रत्येकापुढं तीन गोळे: आवडतं, आवडत नाही, सांगता येत नाही. दहावीच्या पोरांनी घरून भरून आणायची, शनिवारी पालकांसमोर रिपोर्ट.

आता ‘घरून भरून आणा’ म्हटल्यावर आमच्या गावात कागद कुठं येतो?

पहिला आला गण्या, आप्पांचा पैलवान पोरगा. मी त्याला विचारलं, बाबा, तुला काय आवडतं ते तरी सांग.

“तुम्हीच बघा की दादा. रेशनकार्डाच्या टायमाला कुठं इचारलं हुतं?” म्हणाला, आणि तालमीला गेला.

त्याच्यामागून बाकीचे आले. कागद ठेवायचे आणि पळायचे. मी दार ओढून बसलो. पहिलाच प्रश्न, ‘अनोळखी लोकांसमोर बोलायला मला आवडतं.’ काय लिहायचं? फॉर्मात खोटं लिहायचं नाही हा माझा नियम, आणि खरं उत्तर मला एकाच माणसाचं माहीत होतं. माझं.

गर्दी? आवडत नाही. कागद नीट लावून ठेवणं? आवडतं. रक्त पाहणं? अहो, मला दाढी करताना कापलं तरी खाली बसावं लागतं. तो गोळा मी जरा दाबूनच रंगवला. अठ्ठावीस वेळा.

त्या गठ्ठ्यात माझ्या धाकट्या बहिणीचा, सोनालीचाही कागद होता. ती आत्याकडं गेली होती, म्हणून मी आपणहून भरला. सोनालीला नर्सिंगला जायचं होतं. आमचे वडील, तात्या, हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. “मॅडमचा रिपोर्ट येऊ दे. माती तपासल्याबिगर मी खताची गोण फोडत न्हाई,” एवढंच म्हणायचे.

शनिवारी शाळेचा हॉल भरला. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, इतक्या वर्षांत असं पाहिलं नाही. अख्ख्या वर्गाचा कल एकच. सगळी मुलं लाजाळू, एकटं बसून कागदाचं काम करणारी, गर्दीला भिणारी.

आप्पा उठले. “मॅडम, माझा गण्या गर्दीला भितो? परवा जत्रंत भर आखाड्यात दोघांना चीत केलंय त्यानं.”

“आतून भीत असेल,” मॅडम म्हणाल्या. गण्या स्वतःच्या दंडाकडं बघायला लागला.

मग चर्चा पेटली. हेडसरांचं म्हणणं, हे मोबाइलमुळं. एक म्हातारबाबा म्हणाले, कॅनॉलच्या पाण्याचा गुण हाय. ते सगळ्यांना पटलं. पाण्याची बाटली तपासणीला पाठवायची, तसा ठराव करायचा, इथवर गाडी गेली. मी मागच्या भिंतीला चिकटून उभा. मला वाटलं, पाणी तपासून होईपर्यंत लोक विसरून जातील.

तेवढ्यात सोनालीचं नाव पुकारलं. ‘रक्ताची तीव्र भीती. वैद्यकीय क्षेत्र टाळावे.’

आमच्या गाईला इंजेक्शन देताना जनावरांच्या डॉक्टरांना मदत करणारी पोरगी ती! तात्यांनी रिपोर्टची चार घड्या केल्या आणि खिशात घातला. “झालं मग. रिपोर्ट म्हंजी रिपोर्ट. जमिनीत न्हाई ते पेरायचं न्हाई.”

आपला कागद कोणी भरला ते ओळखून सोनालीनं वळून माझ्याकडं पाहिलं. तिच्या एका शब्दात माझं दुकान बसलं असतं, आणि ती तो शब्द बोलत नव्हती.

मी पुढं गेलो. कसा गेलो ते आठवत नाही. माइक नको म्हणालो, तरी कोणीतरी हातात दिला. “ते सगळे कागद मी भरलेत,” एवढं एकच वाक्य बोललो.

आप्पांनी सावकाश विचारलं, “म्हंजी पाण्यात काय न्हाई?”

त्यावर जो हशा पिकला, तो बराच वेळ थांबेना. मॅडमनी कोरे कागद काढले आणि पोरांना तिथंच भरायला बसवलं. सोनालीचा त्यांनी लगेच हातानं तपासून दिला. सेवा, रुग्ण, धीर, सगळे आकडे वर. तात्यांनी तो दोनदा वाचला, खिशातला जुना बाहेर काढून माझ्या हातात ठेवला आणि तिला म्हणाले, “जा मग. पण हॉस्टेलचं जेवण आवडत न्हाई म्हणून परत यायचं न्हाई.”

लोक पांगले. मॅडमनी जुन्या रिपोर्टांचा गठ्ठा मला दिला. हे तुमचेच, म्हणाल्या, एवढी खात्री मला कुठल्याच निकालाची नाही. मी उघडून पाहिलं. योग्य क्षेत्र: कार्यालयीन काम. किमान पात्रता: दहावी उत्तीर्ण. अठ्ठावीस वेळा.

“बाहेरून दहावीला बसता येतं,” मॅडम हळूच म्हणाल्या. “त्याचा एक फॉर्म असतो. माहीत आहे का तुम्हाला?”

“माहीत आहे की, मॅडम,” मी म्हणालो. “तालुक्यातल्या चाळीसएक लोकांचे मीच भरलेत. सगळे पास झाले.”