मेणाच्या खांद्यावरचा शालू

नवीन जालन्यातल्या साड्यांच्या दुकानात मी तीस वर्षं पुतळ्यांना साड्या नेसवल्या. फायबरचे पुतळे आले तसे मालकानं जुने मेणाचे काढून टाकले. मी ते घरी आणले आणि मंग नादच लागला. परभणीपासून हैदराबादपर्यंत कुठं जुनं दुकान मोडलं की मी हजर! काचेचे डोळे, खऱ्या केसांच्या भुवया, बिलकुल जिवंत. अशा पाचजणी वरच्या पत्र्याच्या खोलीत उभ्या केल्या. बायको म्हणायची, "लोकांना एक सवत सहन होत न्हाई, मी पाच सांभाळून राह्यले."

ती माघात गेली. चैत्रात अंकुशनगरहून लेकीचा फोन आला. "अण्णा, डोहाळजेवणाला मी आईचा लग्नातला शालू नेसणार. दुसरं मला काही नको."

शालू कैक वर्षं घडीत पडलेला. अशानं जरीचं कापड घडीवरच चिरतं. आमच्या धंद्यात असा शालू आधी एक दिवस पुतळ्याला नेसवून मोकळा करतात. मीही सगळ्यात जुन्या बाईला नेसवायला घेतला. उन्हाळ्यात मेण तेल सोडतं, म्हणून आत परकर-ब्लाउज लागतंच. दुकानात मीच सगळ्यांना हे बजावायचो! परकर चढवला. बायकोचं ब्लाउज हातात घेतलं आणि थांबलो. तिच्या ब्लाउजची हुकं दुसरीच्या अंगावर लावायची? माझ्याच्यानं झालं न्हाई. पदर उघड्या खांद्यावरच टाकला.

एक दिवस पुरे होता, मी चार दिवस ठेवला. खरं सांगतो, रोज चहा घेऊन समोर बसायचो. वर पत्रे तापलेले, आणि मी येडा तिच्याशी बोलत बसलेला.

पाचव्या दिवशी लेक आली. हौसेनं पदर उचलायला गेली तर निघेना. ओढला तसं खांद्याचं मेण सोबत आलं. जरीतून आरपार तेलकट डाग. टीपकागद ठेवून इस्त्री फिरवली, तर डाग आणखीच पसरला.

पोर रडली न्हाई. त्याचंच मला जास्त लागलं.

"आतून ब्लाउज का न्हाई घातलं अण्णा? तुम्हाला तर सगळं ठाऊक."

"तुझ्या आईचं ब्लाउज दुसरीच्या अंगाला लावायला हात धजला न्हाई गं."

तिनं डागावरून बोट फिरवलं.

"मंग शालू लावायला कसा धजला?"

शालू तिथंच ठेवून, पोटावर हात धरून ती हळूहळू जिना उतरली.