तीन शेवटांचा सिनेमा

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की या जगात दोनच प्रकारची माणसं आहेत. एका जुन्या इंग्रजी सिनेमात अंतराळात हरवलेला माणूस शेवटी घरी पोचतो असं मानणारी, आणि तो पोचत नाही असं मानणारी. ही वाटणी माझ्या बायकोच्या मामांनी केलेली आहे आणि तिच्यावर अपील नाही.

मामा उमरग्याजवळच्या मुरुमचे. ऐन तारुण्यात तिथल्या टुरिंग टॉकीजचे ऑपरेटर होते. त्या सिनेमाला शेवट एक नव्हताच. कंपनीनं गावोगाव वाटलेल्या प्रतीत तो माणूस घरी येतो, बायको दार उघडते, व्हायोलिनं वाजतात. पुढं कित्येक वर्षांनी दिग्दर्शकानं आपल्या मनासारखी प्रत काढली. तीत यानातली हवा संपते, खिडकीतली पृथ्वी ज्वारीच्या दाण्याएवढी होते, दिवा विझतो आणि अख्खं एक मिनिट पडदा काळा राहतो. आवाजसुद्धा नाही. तिसरा शेवट खुद्द मामांचा. खेड्यांकडं जाणारी शेवटची एसटी साडेनवाला सुटायची, म्हणून मामा शेवटचं रीळ लावायचेच नाहीत. तो माणूस यानाचं तोंड पृथ्वीकडं वळवायचा, तेवढ्यात तंबूत दिवे लागायचे आणि भोंग्यातून मामा ओरडायचे, "निघाला! घरी निघाला! चला, यष्टी लागली!" साठी उलटलेली मुरुमची माणसं आजही हाच शेवट खरा धरून चालतात.

दिग्दर्शकाची डीव्हीडी हाती लागली आणि मामांनी आधीचे दोन्ही शेवट रद्द केले, स्वतःचासुद्धा. "मेला तर मेला म्हणावं," ते ठणकावायचे, "व्हायोलिन वाजवलं म्हणून काय उठून बसतंय व्हय?" घरी येईल त्याला दोन्ही शेवट दाखवून परीक्षा घ्यायची, हा नेम. मी त्यांच्या घरी त्यांची भाची बघायला गेलो तेव्हा माझा पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. टीव्हीसमोर बसवलं आणि म्हणाले, "बोला पाव्हणं, कुठला पटला?" मी घाबरून "काळा" म्हणालो. लग्न ठरलं. त्या काळ्या मिनिटात तोंडातून आवाज काढायला सक्त बंदी. त्यांच्या साडूंना एकदा नेमकी तेव्हाच शिंक आली. मामांनी सिनेमा मागं नेला आणि सगळ्यांना ते काळं पहिल्यापासून पाहायला लावलं. साडूंना पुन्हा शिंक आली. मग चार वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

मामींची परीक्षा मात्र मामांनी कधी घेतली नाही. नवी नवरी म्हणून तंबूत बायकांच्या बाजूला बसून मामींनी तो यष्टीवाला शेवट पाहिला होता आणि घरी आल्यावर विचारलं होतं, "मग पोचला का त्यो?" मामा म्हणाले, "पोचला." विषय मिटला. पुढची सगळी वर्षं मामी स्वयंपाकघरात, मामा टीव्हीपाशी, मधे एक भिंत.

यंदा मामींचं पोटाचं दुखणं निघालं. निघालं तेव्हाच उशीर झालेला होता. उमरग्याच्या डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, मागतील ते द्या. मामींनी गोडधोड मागितलं नाही. म्हणाल्या, "त्या माणसाचं पुढं काय झालं ते दावा की एकदा. मला अर्ध्यातनंच उठवलं तुमी."

मामांनी मला तातडीनं बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा ते अंगणात उभे होते, दोन हातांत दोन डीव्हीडी. उभ्या आयुष्यात ज्यांनी कुणाचा सल्ला घेतला नाही, त्यांनी मला विचारलं, "जावईबापू, खरं दावू का बरं दावू?"

"बरं दाखवा, मामा."

म्हणजे लग्नाआधी मी खोटं बोललो होतो, हे त्यांना त्या क्षणी कळलं असणार. तरी ते रागावले नाहीत. मला त्याचीच भीती वाटली.

भर दुपारी खिडक्यांना वाकळा लावल्या. मामींना भिंतीला टेकवून बसवलं. अंगावर पातळ तेवढं उरलं होतं, आत मामी फारशा राहिल्या नव्हत्या. कंपनीची प्रत लागली. तो माणूस घरी आला, बायकोनं दार उघडलं, व्हायोलिनं वाजली. चोरी करताना सापडल्यासारखी मामांची मान खाली. मामींनी सगळं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता खरं लावा."

"हेच खरं हाय," मामा पुटपुटले.

"अवं, इतकी वर्सं भिंतीपलीकडनं ऐकायलेय की म्या. मेला तर मेला म्हणावं, म्हणताव न्हवं? मग लावा की. म्या काय शिंकत न्हाय."

मामांना डीव्हीडी बदलायला फार वेळ लागला.

मामी त्यानंतर नऊ दिवस होत्या. त्या माणसाबद्दल पुन्हा काही बोलल्या नाहीत. मामाही आता कुणाची परीक्षा घेत नाहीत. पण मला आठवते ती दुपारच. पृथ्वी ज्वारीच्या दाण्याएवढी झाली, दिवा विझला, पडदा काळा झाला. वाकळांमुळं खोलीही काळी झाली, शेजारी कोण बसलंय ते दिसेना. मामींकडून हूं नाही की चूं नाही. मी श्वास धरून मिनिट संपायची वाट पाहत होतो. आणि ज्या मिनिटात शिंकेलाही मुभा नव्हती, त्याच्या ऐन मध्यावर मामांचाच आवाज आला, मोठ्यानं,

"अगं, हायस न्हवं?"