मास्कच्या खोक्यातले सव्वीस दाणे

मंडळी, सामान बांधणं अर्धवट टाकून लिहितेय.

पस्तीस वर्षांनी आम्ही सौदीतलं धाहरान सोडतोय. सकाळी सामान बांधताना आखाती युद्धातल्या माझ्या गॅस मास्कचं खोकं सापडलं. आत कागदाची पुडी, आणि पुडीत भाजलेले सोयाबीन!

मग आठवलं. तेव्हा शेजारी एक जपानी बाई राहायच्या. इकडे मिसाइलचे सायरन वाजतायत आणि या दारात येऊन मोडक्या इंग्रजीत विचारतात, "तुमचं वय काय?" मला रागच आला. "पंचवीस," म्हटलं आणि दार आपटलं. संध्याकाळी त्या ओरडत ओरडत दाराबाहेर दाणे फेकत होत्या. मी नवऱ्याला म्हटलं, "भीतीनं डोकं फिरलंय यांचं." दुसऱ्या दिवशी आमच्या दाराला ही पुडी अडकवलेली होती. मी ती तशीच खोक्यात कोंबली.

आज व्हिडिओ कॉलवर जपानात, ओसाकाला असलेल्या लेकीला पुडी दाखवून हे सगळं सांगितलं, तर ती किंचाळलीच. "आई, आज इथे तोच सण आहे! दाणे फेकून भुतं घालवायची. मग आपल्या वयाइतके दाणे खायचे, आणि वर एक येत्या वर्षासाठी. मोज ना!"

मोजले. सव्वीस.

उद्याचा दिवस दिसेल की नाही, या धास्तीत होतो आम्ही. आणि ज्यांच्या तोंडावर मी दार आपटलं, त्यांनी मला अख्खं पुढचं वर्ष मोजून दिलं होतं.

त्यातला एक दाणा आत्ता तोंडात टाकलाय. दगड झालाय नुसता, पण थुंकवत नाहीये. तुम्हाला थुंकवला असता?