अण्णांचं खाकरणं

अण्णा कॉम्प्युटरसमोर बसले की आधी खाकरायचे. घसाबिसा काही बसलेला नसायचा. थोरल्या दिरानं स्वयंपाकघराच्या दारात खाकरायचं, म्हणजे आतल्या भावजया पदर सावरतील, ही आमच्या राजुरीच्या घरातली जुनी रीत. आणि कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर घरातल्या सगळ्यांची नावं यायची. त्यात माझ्या आईचं, धाकट्या काकूचंही. "बायामान्सांची नावं हायेत तितं, आसं न सांगता कसं शिरायचं?" अण्णा विचारायचे. आम्ही पोरी हसून हसून लोळायचो.

अण्णा माझे थोरले चुलते. तीन भावांचं एकत्र घर होतं आणि ते तसंच राहावं याचा या माणसानं नुसता ध्यास घेतला होता. कॉम्प्युटर आला तो त्यांच्या एकुलत्या एक लेकीच्या, जयाच्या हट्टानं. ती नारायणगावला क्लासला जाऊन शिकली होती. तिनंच प्रत्येकाच्या नावाचं वेगळं खातं काढलं. ज्याची गाणी त्याच्या खात्यात, ज्याचे फोटो त्याच्या. अण्णांना ते फार आवडलं. "चूल एक, खोल्या येगळ्या. आसंच पायजे राव!"

एका बाबतीत मात्र बापलेकीचं जमलं नाही. जया म्हणाली, "अण्णा, सगळा अधिकार तुमच्या एकट्याच्या खात्याला ठेवा. नवा प्रोग्राम टाकायचा, कुणाचं खातं काढायचं, ते तुम्हीच करायचं. बाकीच्यांना साधी खाती." अण्णांच्या कपाळाला आठ्या. "म्हंजी मी मोठा आन भाऊ साधे? उद्या धाकटी म्हनंल, थोरल्यांनी किल्ली कनवटीला लावली. न्हाई बाई. समद्यांना सारकाच मान." झालं! घरात सगळेच मालक. जो तो सीडी घालायचा आणि काहीतरी बसवायचा. कुणी कुंडलीचं, कुणी पत्त्यांचं. यंत्र इतकं रेंगाळायला लागलं की बटण दाबून गोठ्यात फेरी मारून यावी.

आणि मग जया गेली. कावीळ झाली, अंगावर काढली, आणि पुण्याला नेईपर्यंत उशीर झाला. लग्नाची बोलणी चालली होती हो तिच्या! अण्णा रडले नाहीत. त्यापेक्षा रडले असते तर बरं झालं असतं.

पडद्यावर जयाचं नाव राहिलं, शेजारी पिवळ्या फुलाचं चित्र. आत होते चार फोटो आणि एक आवाज. माईक नवा आणला तेव्हा तो चालतो का बघायला तिनं भरलेला. "अण्णा, माउस उचलू नका ओ, सरकवा!" आणि मग खुदकन हसणं. तेवढंच. अण्णा दुपारी जेवण झालं की ते ऐकत बसायचे. ऐकताना मुद्दाम माउस उचलून धरायचे, म्हणजे ती पुन्हा रागावेल. हे नाव उघडताना मात्र ते कधी खाकरले नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पोरीच्या खोलीत बाप कशाला खाकरंल?"

धाकट्या काकांचा महेश, चांगला मिशीवाला बाप्या, त्यानं गाड्या पळवायचा एक गेम आणला. जागा पुरेना. त्यानं जयाचं खातं काढून टाकलं. आतल्या फाइली ठेवायच्या का, असं यंत्रानं विचारलं होतं. हा म्हणाला, नको. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा फूल शोधत बसले. महेश म्हणाला, "आण्णा, ती कुठं वापरत व्हती आता?"

कानाखाली जाळ काढावा असं वाटलं मला! अण्णांनी माझा हात धरला. "त्याला कुनी बोलायचं न्हाई. सारका मान मीच दिला ना समद्यांना? घर फुटंल."

कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन अण्णा जीपनं नारायणगावला गेले. सोबत मी होते. दुरुस्तीवाल्यानं खूप खटपट केली. शेवटी मान हलवली. "त्याच जागेवर गेम बसलाय, काका. आता न्हाई निघायचं." येताना अण्णांनी डबा पुन्हा तसाच चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला.

आणि एवढं गिळूनही घर फुटलंच. वाटण्या झाल्या, चुली तीन झाल्या. कॉम्प्युटर कुणालाच नको होता, तो अण्णांनी मागून घेतला. मला बोलावून म्हणाले, "जयाच्या नावाचं काढ गं परत. फूल त्येच लाव." मी काढलं, लावलं. उघडलं तर आत काही म्हणजे काहीच नाही. कुठल्यातरी परमुलखातल्या हिरव्या टेकडीचं चित्र तेवढं. अण्णा बराच वेळ बघत राहिले.

पुढे दिवाळीला माहेरी आले तेव्हा त्यांच्याकडे गेले. अण्णा एकटेच कॉम्प्युटरसमोर बसले होते. मी दारातच थांबले. बाकीची नावं त्यांनी कधीच काढून टाकली होती, पडद्यावर फक्त एक फूल होतं. अण्णांनी बाण फुलावर नेला, माउस उचलला, जरा वाट पाहिली. कुणी रागावलं नाही. त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

आणि जयाचं नाव उघडण्याआधी अण्णा खाकरले.