वाडीकडे गेलेली पोर

शेजारची पोर कॉलेजच्या फुटबॉल संघात पुढे खेळते, वर्गात पहिली येते आणि संध्याकाळी वाडीवरच्या मुलांना शिकवते. बोलताना सारखी बोटं मोडते.

मागच्या महिन्यात धाटावच्या केमिकल कारखान्यांच्या बाजूने उग्र वास आला आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले. आम्ही रोह्याच्या रस्त्याने पळत सुटलो. ती मात्र भिजवलेली ओढणी तोंडाला बांधून उलटी वाडीकडे निघाली.

"गो, जाऊ नको!" मी ओरडले.

"काकी, तिथं म्हाताऱ्या हायत. त्यांना कोण आणणार?"

दोघींना घेऊनच ती परतली.

काल मैदानावर धावताना ती मध्येच थांबली आणि छाती धरून वाकली. मी धावत जवळ गेले.

"काय नाय काकी, दमले जरा."

ती दमल्याचं मी आजवर कधी ऐकलं नव्हतं.